हात बांधू नकोस, जबडा सोड

मिरज

प्रिय मुक्ता,


तुझं पत्र पोचलं. स्पर्धेत 'हातवारे फार' असा शेरा मिळाला म्हणून तू डावा हात मांडीखाली दाबून रियाज करतेस, आणि तेव्हापासून घसा खवखवतो, असं लिहिलंयस. तुझ्या भूप रागाचा व्हिडिओ पाहिला. मग आवाज बंद करून पुन्हा पाहिला. धैवतावरून तार षड्जाकडे निघालीस की आधी हनुवटी पुढे येते, मग डावा खांदा कानाकडे चढतो, तानपुऱ्याची दांडी हलते आणि मग कुठे स्वर लागतो. हात गप्प बसला, पण त्याचं ओझं मानेनं उचललं.

तुझी पट्टी काळी चार. मध्य षड्जाला तुझ्या स्वरपट्ट्या सेकंदाला साधारण 208 वेळा उघडतात-मिटतात, तार षड्जाला 415 वेळा. जेमतेम दीड सेंटीमीटरच्या त्या पट्ट्या. वर जाताना त्या ताणल्या जातात, पातळ होतात. हे काम स्वरयंत्राच्या चिमुकल्या स्नायूंचं. जबड्याचं, खांद्याचं तिथे काहीच काम नाही, पण मनात धास्ती असली की तेच आधी धावून येतात. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळून बघ. स्वरयंत्र वर सरकतं ना? तार सप्तकात तू नेमकं तेच करतेस. गिळायच्या तयारीत असलेला गळा गाणार कसा?

ही खोड जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकरा'त गायकाचे 25 दोष सांगितले. दात आवळून गाणारा तो संदष्ट, उंटासारखी मान उंचावणारा करभ, मान वाकडी करणारा वक्री, गळ्याच्या शिरा फुगवणारा झोंबक, गाल फुगवणारा तुंबकी. अंग ताणत, पसरत गाणारा प्रसारीही त्यात आहे, तेव्हा परीक्षकांवर रागावू नकोस. फक्त त्यांचं म्हणणं नीट समजून घे. मींड ओढताना स्वरासोबत वळणारा हात आवाजाला आधार देतो. स्वराच्या आधीच पोचणारा हात मात्र दिखाऊ असतो. आधी स्वर, मागून हात, एवढी शिस्त पुरे.

मीही हे भोगलंय. बावीस वर्षांची असताना 'छाती पुढे, पोट आत' अशी शिकवण एका ठिकाणी मिळाली. वर्षभर मी पोट आवळून गायले. श्वासाचा पडदा खाली उतरायला जागाच उरली नाही, सगळा जोर गळ्यावर आला आणि स्वरपट्ट्यांवर गाठी झाल्या. सहा आठवडे मौन. घरात पाटीवर लिहून बोलायचे. ते दिवस तुझ्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून एवढं लिहितेय. तुझी खवखव पंधरा दिवसांत गेली नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. काढे घेत बसू नकोस.

आता रियाजाचं. चादरीची घडी करून तिच्यावर बस, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील आणि पाठ आपोआप उभी होईल. सकाळी खर्ज लावताना एक तळवा मागे, शेवटच्या बरगड्यांवर ठेव. श्वास घेतलास की तिथे फुगवटा लागला पाहिजे, खांदा हलता कामा नये. मग ओठ मिटून, पण दात सुटे ठेवून गुणगुण. शेवटी धैवतावरून षड्जाला जा आणि जाताना डावा हात सावकाश खाली आण. आजोळच्या विहिरीवरचा रहाट आठवतोय ना? दोर खाली ओढला की पोहरा वर येतो. तसाच स्वर वर येऊ दे, हनुवटी जागची हलणार नाही.

आणि कुणाचे हात उसने घेऊ नकोस. भीमसेन जोशींचे हात आभाळाला भिडायचे ते त्यांच्या तानेच्या ओघात. कुमार गंधर्वांना क्षयानं गाठलं, एक फुफ्फुस कामातून गेलं, देवासला काही वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. उठल्यावर त्यांनी दुसऱ्या कुणाच्या दमसासाची आस धरली नाही. हाती होता त्या श्वासात मावेल असं, छोट्या, लखलखीत स्वरवाक्यांचं गाणं घडवलं. तुझं गाणंही तुझ्याच बरगड्यांतून, तुझ्याच बैठकीतून यायचंय, बाळा. त्या शरीराशी भांडण मांडून ते कसं यावं?

पुढच्या रविवारी पुन्हा व्हिडिओ पाठव. या वेळी फोन पाठीमागे ठेव. चेहरा मला ठाऊक आहे, तुझी पाठ श्वास घेताना बघायचीय.

तुझी,
आत्या