पॅकबंद चिकन खिमा : ग्लुटेनची तपासणी
कोंबडीच्या मांसात निसर्गतः ग्लुटेन नसते. खाद्यात गहू असला तरी ते मांसात उतरत नाही. मात्र खिम्यात ब्रेडचा चुरा, मैदा, सोया सॉस किंवा मैदामिश्रित हिंग घातल्यास सिलिअ‍ॅक रुग्णांना तो अपायकारक ठरतो. म्हणून वेष्टनावरील घटकसूची व त्याखालील अ‍ॅलर्जीविषयक सूचना दोन्ही वाचाव्यात. गहू, जव, राय यांचा उल्लेख असल्यास खिमा टाळावा. भारतीय मानकानुसार ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थात ग्लुटेनचे प्रमाण प्रतिकिलो २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. प्रक्रियादारांनी ब्रेडचा चुरा लावलेले नगेट्स आणि साधा खिमा यांसाठी स्वतंत्र यंत्रे वापरावीत; अन्यथा सूची निर्दोष असूनही खिम्यात ग्लुटेन मिसळू शकते. ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापण्यापूर्वी तयार मालाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.