कृष्णधवल छायाचित्र व पोषाख

छायाचित्र काढून घ्यावयाचें ठरलें कीं, घरांत पहिला प्रश्न उभा राहतो तो कपड्यांचा. पेटींतील सर्वांत भारी वस्त्र बाहेर निघतें. तें नसल्यास कोणाकडून मागून आणावयाचा विचार सुरू होतो. परंतु छायाचित्र कृष्णधवल असेल तर ही धांवपळ बहुधा व्यर्थ होय. ती कां, हें आपण पाहूं.

अशा चित्रांत रंग उमटत नाहीं. उमटतो तो त्याचा उजळपणा किंवा गडदपणा. हिरव्या लुगड्याचा तांबडा कांठ डोळ्यांस उठून दिसतो. पण दोन्ही रंग सारखेच गडद असल्यास चित्रांत ते एकच करडे होऊन जातात. उलट, साध्या निळ्या लुगड्याचा पांढरा कांठ स्पष्ट दिसतो.

जुन्या काळीं अडचण याहून मोठी होती. छायाचित्राच्या कांचेस मुख्यतः निळा व जांभळा प्रकाशच जाणवे. म्हणून निळें वस्त्र पांढरट व तांबडें काळें उमटे. लेपांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास हिरवा प्रकाशही टिपतां येतो, हें १८७३ सालीं फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें शोधिलें. पुढें १९०६ सालीं सर्व रंग टिपणाऱ्या कांचा विकत मिळूं लागल्या. आजचा कॅमेरा आधीं रंग टिपून मग त्यांचें करड्या छटांत रूपांतर करितो.

तेव्हां निवड कशी करावी? शुभ्र वस्त्र फार असल्यास नजर चेहऱ्याऐवजीं त्याकडेच जाते. अगदीं काळ्या वस्त्राच्या चुण्या अंधारांत बुडतात. मध्यम छटेचें, एकरंगी वस्त्र उत्तम. मोठ्या चौकटी व ठळक पट्टे टाळावे. चकाकणाऱ्या रेशमावर प्रकाशाचे डाग पडतात. खादीची किंवा लोंकरीची वीण मात्र बाजूच्या उजेडांत फार सुरेख उमटते. मागील पडदा व वस्त्र एकाच छटेचीं नसावींत. शंका असल्यास खिडकीपाशीं उभें राहून फोनवर एक कृष्णधवल चित्र आधीं काढून पाहावें.

पालकांस आमची एवढीच विनंती कीं, या निमित्तानें कर्ज किंवा उसनवारी करूं नये. किंमत कॅमेऱ्यास दिसत नाहीं. पन्नास वर्षांनीं नातवंडें तें चित्र हातीं घेतील, तेव्हां वस्त्राचा भाव कोणी विचारणार नाहीं. तीं चेहराच न्याहाळतील. धुतलेला, नीट बेतलेला नित्याचा सदरा अंगांत असला, म्हणजे चेहऱ्यावर संकोच राहत नाहीं. आणि निःसंकोच मुद्रेहून चांगला पोषाख आम्हांस तरी ठाऊक नाहीं.