ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे ब्रेक : निवड व दोषशोध

खेड तालुक्यातील कांदा व बटाटा चाकणच्या बाजारात येतो. मावळ-मुळशीतील ऊस कासारसाई येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडे जातो. हा माल वाहणाऱ्या ट्रॉल्यांना पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर या रस्त्यांवर कारखान्यांची अवजड वाहने व पाळी सुटलेल्या कामगारांच्या दुचाकी यांमधून वाट काढावी लागते. अशा रस्त्यावर ट्रॉली ओढता येणे पुरेसे नाही. ती वेळेवर थांबवताही आली पाहिजे. तथापि पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, किंवा असून निकामी असतात.

ब्रेक कशासाठी?

सुमारे २ टन वजनाच्या ट्रॅक्टरमागे मालासह ६ टनांची ट्रॉली आहे असे समजू. ट्रॉलीस ब्रेक नसेल तर ८ टनांचा सारा भार बहुधा ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांनाच थांबवावा लागतो. अशा वेळी ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलते. वळणावर किंवा ओल्या उतारावर त्यामुळे ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि चालकाच्या जिवावर बेतते. वेग दुप्पट केल्यास ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर साधारण चौपट होते. ताशी २० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदास सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते, हेही ध्यानात ठेवावे.

निवड कशी करावी?

(१) ढकल्यावर चालणारा ब्रेक : ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते व त्या रेट्यानेच दांडीतील यंत्रणा ब्रेक लावते. ट्रॅक्टरला वेगळी जोडणी लागत नाही. म्हणून निरनिराळ्या ट्रॅक्टरांना जोडल्या जाणाऱ्या हलक्या ट्रॉलीस तो सोयीचा होय. युरोपात मोटारीमागील ट्रेलरना हा ब्रेक ३.५ टनांपर्यंतच चालतो. मागे घेताना ब्रेक लागू नये अशी सोय त्यात आहे काय, हे पाहावे.

(२) तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक : जड व नेहमी रस्त्यावर जाणाऱ्या ट्रॉलीस हा अधिक योग्य. ट्रॅक्टरवर त्यासाठी झडप व जोडणी आहे काय, याची खात्री खरेदीपूर्वी करावी.

(३) हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक : यास कॉम्प्रेसर व हवेची टाकी लागते. खर्च अधिक, पण अतिजड ट्रॉलीस उपयुक्त. टाकीत साठलेले पाणी रोज सोडावे.

अमेरिकेत मोटारीमागील ट्रेलरना विजेचे ब्रेक व चालकाजवळ नियंत्रक पेटी असते. तेथे ब्रेक न लागल्यास प्रथम अर्थिंगची तार व गंजलेली जोडणी तपासतात. आपल्या शेतीच्या ट्रॉल्यांस वरील तीन प्रकारच अधिक सोयीचे आहेत.

दोष व उपाय

तपासणीपूर्वी ट्रॉली सपाट जागी उभी करून चाकांखाली लाकडी ठोकळे लावावेत.

ब्रेक मुळीच लागत नसल्यास नळीची जोडणी, तेलाची किंवा हवेची गळती आणि झिजलेले लायनर पाहावेत. ब्रेक दाबताना स्पंजासारखा मऊ लागल्यास तेलात हवा शिरलेली असते. ती काढून टाकावी. ट्रॉली एका बाजूस ओढत असल्यास एका चाकाच्या लायनरवर ग्रीस लागले असावे किंवा दोन्ही बाजूंचे समायोजन सारखे नसावे. माखलेला लायनर पुसून भागत नाही; तो बदलून ऑईल सील दुरुस्त करावे. ड्रम तापत असल्यास ब्रेक अडकून राहतो. परतीची स्प्रिंग तुटली आहे काय किंवा समायोजन फार घट्ट झाले आहे काय, ते पाहावे. ब्रेक लावताच मागून धक्का बसत असल्यास ट्रॉलीचा ब्रेक उशिरा लागतो. तो ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर किंवा क्षणभर आधी लागला पाहिजे. हूक व पिन यांची झीजही त्याच वेळी तपासावी.

तेल भरताना विशेष जपावे. ब्रेक ऑइलच्या यंत्रणेत हायड्रॉलिक तेल किंवा त्याउलट घातल्यास रबरी वॉशर खराब होतात व ब्रेक ऐनवेळी दगा देतो.

रस्त्यावर निघताना

ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकची पॅडले एकत्र अडकवावीत. अन्यथा एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो. माल भरल्यावर मोकळ्या सपाट जागी ताशी १० किलोमीटर वेगाने ब्रेक लावून पाहावा. रिकाम्या ट्रॉलीची परीक्षा पुरेशी नाही. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. उतारावर क्लच दाबून किंवा गिअर काढून गाडी सोडू नये. पिनीबरोबर सुरक्षा-साखळी लावावी आणि मागील लाल परावर्तक स्वच्छ ठेवावेत.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस या तपासणीस दिल्यास माल, ट्रॅक्टर व चालक तर सुरक्षित राहतीलच. शिवाय रात्रपाळी संपवून दुचाकीवर घरी निघालेला कामगारही सुखरूप पोहोचेल.