नमुन्यावरून समष्टीकडे

एक हजार मतदारांच्या सांगण्यावरून लाखो मतदारांचा कौल सांगता येतो काय? सांगता येतो; मात्र तो किती खात्रीने सांगतो आहोत, हेही त्याबरोबर सांगावे लागते.

वाराणसी लोकसभा मतदारसंघाचे उदाहरण घेऊ. २०२४ च्या निवडणुकीत तेथे अकरा लाखांहून अधिक मते पडली. विजयी उमेदवार नरेंद्र मोदी यांना त्यांपैकी ६,१२,९७०, म्हणजे शेकडा ५४.२४ मते मिळाली. संपूर्ण समष्टीतील खरा हिस्सा असा मोजून हाती येणे ही सांख्यिकीत दुर्मीळ सोय होय. नमुन्याची पद्धत पारखण्यास ती उपयोगी पडते.

समजा, मोजणीपूर्वी मत दिलेल्यांमधून यादृच्छिक रीतीने, म्हणजे प्रत्येकास निवडले जाण्याची सारखीच संधी देऊन, १,००० जण निवडले व त्यांतील ५४० जणांनी या उमेदवारास मत दिल्याचे सांगितले. नमुन्यातील हिस्सा ०.५४ झाला. हा हिस्सा व उरलेला ०.४६ यांच्या गुणाकारास १,००० ने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण त्रुटी मिळते. येथे ती सुमारे ०.०१६ आहे. तिची १.९६ पट दोन्ही बाजूंस धरली असता शेकडा ५०.९ ते ५७.१ हे अंतर मिळते. यास ९५ टक्के विश्वास-अंतराल म्हणतात. असे नमुने पुनःपुन्हा घेतले, तर त्यांवरून काढलेल्या दर शंभर अंतरालांपैकी सुमारे पंचाण्णव खऱ्या हिश्श्यास सामावून घेतील, एवढाच त्याचा अर्थ. पोलिश गणिती येर्झी नेमन यांनी ही कल्पना १९३० नंतरच्या दशकात मांडली. त्याच दशकात लंडनमध्ये सांख्यिकीचे अध्ययन करणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे हेही होते.

आता परिकल्पनेची परीक्षा पाहू. 'खरा हिस्सा निम्माच आहे' ही शून्य परिकल्पना मानली, तर नमुन्यातील ०.०४ चा फरक प्रमाण त्रुटीच्या सुमारे अडीच पट ठरतो. तो १.९६ पटीहून अधिक असल्यामुळे ५ टक्के सार्थकता पातळीवर ही परिकल्पना त्याज्य ठरते. नमुना ४०० चाच असता, तर तोच फरक केवळ १.६ पट भरला असता व परिकल्पना टाकता आली नसती. न टाकता येणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, हे वाचकाने विसरू नये.

हे सर्व गणित यादृच्छिक निवडीवर उभे आहे. दशाश्वमेध घाटावर उभे राहून दहा हजार लोकांस विचारले, तरी त्यांत अन्यत्र मत देणारे यात्रेकरू येतील आणि याच मतदारसंघातील रोहनिया व सेवापुरी भागांतील खेड्यांचे मतदार बहुतांशी निसटतील. संख्या वाढली की अंतराल अरुंद होतो, पण तो चुकीच्या जागी अरुंद होतो. निवडीतील पक्षपात प्रमाण त्रुटीच्या सूत्रात कोठेही दिसत नाही. म्हणून जनमत-चाचणीचा आकडा वाचताना किती लोकांस विचारले, याआधी ते कसे निवडले, हे पाहावे.