निदानचाचणी आणि पहिले सत्र

तामलवाडीसारख्या गावातून बारावी उत्तीर्ण होऊन सोलापूर वा तुळजापूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलगा किंवा मुलगी दाखल झाली, शुल्काची पावती हाती पडली, की घरातील वडीलधारी मंडळी निश्चिंत होतात. परंतु पहिल्या सत्राचा निकाल लागून गणिताचा पेपर राहिल्याचे कळते, तेव्हा सीईटीत बरे गुण मिळवणाऱ्या आपल्या लेकराचे असे का व्हावे, या विवंचनेने तेच घर ग्रासून जाते. याचे एक कारण उघड आहे. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीला ८० टक्के भार असतो, उत्तर चार पर्यायांतून निवडायचे असते. साहजिकच अकरावीची त्रिकोणमिती आणि त्याहून मागची बैजिक आकडेमोड कच्ची राहिली, तरी प्रवेश मिळून जातो.

ही कच्ची जागा वेळीच दाखवून देणे, हेच सत्राच्या आरंभी घेतल्या जाणाऱ्या निदानचाचणीचे कार्य होय. समजा, संकलनाचे (इंटिग्रेशनचे) उदाहरण सोडवताना एका विद्यार्थ्याने १/(क्ष + २) या पदावलीची फोड १/क्ष + १/२ अशी केली. क्षची किंमत २ धरली, तर पहिल्या पदावलीचे उत्तर १/४ येते आणि दुसरीचे १; म्हणजे चूक संकलनाच्या रीतीत नसून सातवी-आठवीच्या अपूर्णांकांत आहे, आणि त्याच्याकडून संकलनाची आणखी कितीही उदाहरणे सोडवून घेतली, तरी ती दुरुस्त व्हायची नाही. नुसत्या एकूण गुणांवरून हे कधीच उमगत नाही. म्हणून चांगली निदानचाचणी प्रत्येक घटकाचा निर्णय स्वतंत्रपणे देते.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री विद्यापीठाने १९९१ पासून नवागतांची अशी चाचणी घेऊन तिच्या जोडीला गणित-साहाय्य केंद्र चालवले, आणि तेथील इंजिनिअरिंग कौन्सिलने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात चाचणीमागोमाग तत्काळ साहाय्य मिळाले पाहिजे, अशी शिफारस केली. आपल्याकडेही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये नवागतांसाठी जो प्रारंभिक कार्यक्रम आखून दिला, त्यात विद्यार्थ्यांच्या उणिवा भरून काढण्याची तजवीज आहे. चाचणीनंतर शिकवणी नसेल, तर ती चाचणी केवळ दफ्तरी दाखल होणारा कागद ठरते.

म्हणून पालकांनी महाविद्यालयात चौकशी करावी ती अशी: चाचणी केव्हा होते, तिचे गुण सत्राच्या निकालात धरले जातात काय, आणि त्यानंतर उजळणीचे वर्ग कोण व कोणत्या वेळी घेते? शेवटची एसटी गाठण्यासाठी धावणाऱ्या मुलास सायंकाळचा वर्ग निरुपयोगी असतो, हेही तेथे निःसंकोच सांगावे. विद्यार्थ्याने मात्र शेजाऱ्याच्या कागदाकडे न पाहता चाचणी द्यावी. उसने उत्तर लिहिल्याने नुकसान होते ते त्याचेच. मराठी माध्यमातून आलेल्याने, गणित येत असूनही प्रश्नाची इंग्रजी भाषा अडली असेल, तर तसे प्राध्यापकांना स्पष्ट सांगावे, कारण त्या अडचणीचा उपाय निराळा आहे.

महाविद्यालयात अशी सोय नसल्यास प्रवेशफेऱ्यांच्या काळात अकरावीची पाठ्यपुस्तके पुन्हा काढून, दररोज एक तास, पर्याय न पाहता पायरीपायरीने उदाहरणे सोडवावीत. चाचणीत कमी गुण पडले म्हणून शाखा बदलण्याचा विचार घाईने करू नये; चाचणी मुलाच्या बुद्धीचा निवाडा करीत नाही, पहिल्या सहा आठवड्यांत काय शिकायचे ते सांगते, आणि तेवढे मनापासून शिकून घेतले, तर पुढील चार वर्षांची वाट पुष्कळ सुकर होते.