सायकलची चेन का पडते?

(इयत्ता चौथी)

सायकल हे गरिबाचे वाहन आहे. तिला पेट्रोल लागत नाही आणि चाराही लागत नाही. दळण आणायला, शेतावर डबा न्यायला, मोखाड्याला बाजारहाट करायला आमच्या पोशेऱ्यात सायकल फार उपयोगी पडते. पण सायकलला एक खोड असते. तिची चेन पडते. चेन पडली की माणूस खाली उतरतो, हात काळे करून चेन चढवतो आणि पुन्हा निघतो. थोड्या वेळाने ती पुन्हा पडते. चेन चढवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती का पडली ते शोधले तर पुन्हा पडत नाही. गुरुजी म्हणाले, भित्तिपत्रकात सर्वांच्या उपयोगाची माहिती लिहा. म्हणून मित्रांनो, मी हा विषय घेतला आहे. पालकांनीही वाचावे.

आधी चेन कशी असते ते पाहू. चेन म्हणजे पुष्कळ कड्यांची माळ. दोन पत्र्यांच्या मधे एक पिन आणि पिनेवर फिरणारा लहान रोळ असतो. हा रोळ चक्राच्या दोन दात्यांच्या खाचेत बसतो. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असते. बाबांची काळी सायकल असो की परदेशातल्या शर्यतीची असो, सगळीकडे अर्धाच इंच. अशी रोळाची चेन हॅन्स रेनॉल्ड यांनी १८८० साली इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहरात तयार केली.

आता साधी सायकल घ्या. बाबांच्या सायकलला पुढे ४४ दाते आहेत आणि मागे १८. मी खडूने खूण करून मोजले. या सायकलची चेन पडते ती बहुतेक वेळा ढिली झाल्यामुळे. सायकल उभी करून चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली करून बघा. अर्धा इंच हलली तर ठीक. लोंबत असेल तर खड्ड्यात दणका बसला की उतरणारच. यावर उपाय सोपा आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे नट पान्याने ढिले करायचे, चाक मागे ओढायचे आणि नट पुन्हा आवळायचे. मात्र चाक दोन्ही बाजूंनी सारखे ओढले पाहिजे. चाक तिरके बसले तर चेन ताणलेली असूनही पडते. चाक आणि चौकटीचे दांडे यांच्यामधली फट डावीकडे आणि उजवीकडे सारखी आहे का ते बघावे. आवळल्यावर पायडल एक पूर्ण वेढा फिरवून पाहावे, कारण पुढचे चक्र जरा वाकडे असले तर चेन एके ठिकाणी सैल आणि एके ठिकाणी फार ताठ होते. ताठ जागेवर सुद्धा ती थोडी हलली पाहिजे.

गियरच्या सायकलचे मात्र निराळे असते.

माझी ताई नववीत आहे. तिची शाळा लांब आहे. चालत सव्वा तास लागतो. आमचा मामा नाशिकला कामाला आहे. त्याने तिच्यासाठी जुनी गियरची सायकल घेतली आणि एस.टी.च्या टपावर टाकून आणली. तिला पुढे तीन चक्रे आहेत, ४२, ३४ आणि २४ दात्यांची. मागे सात आहेत. सर्वांत लहान १४ दात्यांचे आणि सर्वांत मोठे २८ दात्यांचे. तीन सत्ते एकवीस, म्हणून तिला एकवीस गियरची म्हणतात.

गियर कशाला हवेत ते आपल्या चौथीच्या गणितानेच कळते. पुढे ४२ आणि मागे १४ असले तर ४२ भागिले १४ बरोबर ३. म्हणजे पायडलचा एक वेढा झाला की मागचे चाक तीन वेढे फिरते. आम्ही चाकाला चुन्याची खूण करून मैदानावर मोजले. चाकाचा एक वेढा २ मीटर ७ सेंटिमीटर भरला. म्हणजे एका पायडलला सहा मीटरच्या वर सायकल जाते. सपाट रस्त्याला हे छान. पण पुढे २४ आणि मागे २८ असले तर चाक पुरा एक वेढाही फिरत नाही. सायकल जेमतेम पावणेदोन मीटर जाते. मग त्याचा उपयोग काय? उपयोग असा, की चढावर पायाला जोर कमी लागतो. आपल्या भागात सपाट रस्ता कुठे आहे? जव्हारला जा, खोडाळ्याला जा, नाहीतर तोरंगणच्या घाटाने त्र्यंबकेश्वरला जा, सगळीकडे चढ आणि उतार. नाशिकच्या डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी २०१५ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलने पार केली. सुमारे ४८०० किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत. मधे मोठमोठे डोंगर होते. गियर नसते तर डोंगरावर सायकल हातात धरून चालावे लागले असते.

तर ताईच्या सायकलची चेन पडायची. सपाटीला नाही, उतारालाही नाही. चढ सुरू झाला, तिने गियर बदलला की खट्! पायडल मोकळे फिरायचे. आपल्याकडे पावसाळ्यात पाच वाजताच अंधारून येते, आणि चढाच्या त्या वळणावर घर नाही, काही नाही. एकदा ती घरी आली तेव्हा दिवे लागले होते. हात कोपरापर्यंत काळे आणि गणवेशाला वंगणाचा डाग. आई म्हणाली, “असल्या सायकलीवर पोरीला धाडायची नाही.” आजी म्हणाली, “मग शाळेचं काय?” त्यावर कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारपाजारचे लोक सायकल बघायला जमले. सगळे म्हणाले, चेन ढिली झाली, दोन कड्या काढून टाका. पण गियरच्या सायकलला ही गोष्ट लागू पडत नाही. तिच्या मागच्या बाजूला एक लोंबता हात असतो. त्यात दोन लहान दातेरी चाके आणि एक स्प्रिंग असते. चेन जास्त झाली तर हा हात ती मागे ओढून घेतो, कमी पडली तर पुढे येऊन सोडतो. म्हणजे चेन ताणायचे काम तो स्वतःच करतो. उगाच कड्या काढल्या आणि पुढे मोठे, मागेही मोठे चक्र लागले, तर चेन पुरणार नाही. मग तो हात मोडतो.

मी चौकटीकडे नीट बघितले. पायडलच्या आसाजवळ, पुढच्या लहान चक्राच्या आतल्या अंगाला रंग खरवडला होता आणि लोखंड चकचकीत दिसत होते. मागच्या बाजूला असा ओरखडा एकही नव्हता. म्हणजे चेन मागे पडत नव्हती. पुढे पडत होती, आणि ती सुद्धा आतल्या बाजूला. रविवारी बाबा आणि मी सायकल मोखाड्याला सायकलवाल्या काकांकडे घेऊन गेलो. काकांनी पहिला प्रश्न हाच विचारला, “चेन आत पडते का बाहेर?” मी ओरखडा दाखवला. काका म्हणाले, “मग निम्मं काम झालं.”

पुढच्या चक्रांच्या वर पत्र्याचा एक चिमटा असतो. चेन त्याच्यामधून जाते. ताई मुठीजवळचा खटका फिरवते तेव्हा तार ओढली जाते किंवा सुटते आणि चिमटा चेनला बाहेरच्या नाहीतर आतल्या चक्रावर ढकलतो. चिमट्याने कुठपर्यंत जायचे हे दोन बारीक स्क्रू ठरवतात. एकावर एल आणि दुसऱ्यावर एच ही इंग्रजी अक्षरे असतात. एल म्हणजे लहान चक्राकडची हद्द आणि एच म्हणजे मोठ्या चक्राकडची हद्द. (हे पुढच्या चिमट्याचे. मागे उलट असते, ते खाली लिहिले आहे.) ताईच्या सायकलचा एल स्क्रू ढिला होऊन चिमटा जास्तच आत जात होता. तो चेनला लहान चक्रावर ठेवण्याऐवजी त्याच्याही पलीकडे ढकलून द्यायचा.

काकांनी पुढे सर्वांत लहान आणि मागे सर्वांत मोठे चक्र लावले. चिमट्याचा आतला पत्रा आणि चेन यांच्यात बोट जाईल एवढी फट होती. ती जेमतेम एक मिलिमीटर हवी. एल स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव वेढा आवळला, पायडल फिरवून गियर बदलून पाहिले, मग आणखी पाव वेढा. एकदम फार आवळू नये, नाहीतर चेन लहान चक्रावर उतरतच नाही. काम झाले तेव्हा बाबांचा चहासुद्धा संपला नव्हता.

मागची चेन पडत असेल तर मागच्या लोंबत्या हातावरचे स्क्रू पाहावे. मागे एच म्हणजे लहान चक्राची हद्द आणि एल म्हणजे मोठ्या चक्राची. चेन लहान चक्राच्या बाहेर, चौकटीच्या फटीत अडकली तर एच आवळावा. मोठ्या चक्रावरून आत, आऱ्यांमध्ये पडली तर एल आवळावा. आऱ्यांमध्ये पडणे फार वाईट. आरे तुटतात, चाक एकदम अडते आणि माणूस उडून पडतो. त्यात आणखी एक गोष्ट असते. सायकल उजव्या बाजूवर आपटली तर हा हात आतल्या बाजूला वाकतो. मागून उभे राहून बघावे. तो चक्रांच्या बरोबर खाली सरळ लोंबला पाहिजे. वाकला असेल तर स्क्रू फिरवून काही होत नाही, आधी तो सरळ करून घ्यावा लागतो. म्हणून गियरची सायकल आडवी ठेवायची झाल्यास डाव्या अंगावर ठेवावी.

काकांनी ताईला एक गोष्ट बजावली, “चढावर जोर लावता लावता गियर बदलू नकोस.” चेनवर ताण असताना तिला बाजूला ढकलले तर ती नीट बसत नाही. चढ समोर दिसला की आधीच बदलावा. त्या वेळी पायडल फिरत ठेवावे, पण हलक्या पायाने. उलटे पायडल मारत गियर बदलू नये. आणि पुढे सर्वांत मोठे, मागेही सर्वांत मोठे असे लावून चालवू नये, चेन तिरकी चालते.

मोठमोठ्या शर्यतवाल्यांचीही चेन पडते. ही हकीकत गुरुजींनी वर्गात सांगितली. फ्रान्स देशात टूर द फ्रान्स नावाची शर्यत असते. २०१० साली जुलैच्या १९ तारखेला लक्झेंबर्गचा अँडी श्लेक सर्वांच्या पुढे होता. स्पेनचा काँतादोर त्याच्या ३१ सेकंद मागे होता. पिरेनीज पर्वताच्या चढावर श्लेकने जोर मारला आणि त्याच क्षणी चेन पडली. तो उतरून चेन चढवतो तोवर काँतादोर निघून गेला. दिवस संपला तेव्हा काँतादोर ८ सेकंदांनी पुढे होता. आता ३१ आणि ८ मिळवा. ३९ झाले. पॅरिसला शर्यत संपली तेव्हा काँतादोर पहिला आला, तोही बरोबर ३९ सेकंदांनीच. पुढे उत्तेजक औषधाच्या कारणाने २०१२ साली काँतादोरचा नंबर काढला आणि श्लेकला विजयी ठरवले. पण त्या दिवशी त्याला केवढे वाईट वाटले असेल!

चेन झिजली तरी पडते किंवा दात्यांवरून घसरते. ती झिजली का ते दप्तरातल्या फूटपट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवून इंचाच्या बाजूने चोवीस कड्या मोजा. चोवीस अर्धे म्हणजे बारा इंच. नवीन चेनची पिन बरोबर बारावर येते. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली तर चेन बदलावी. आठवा भाग गेली तर बहुतेक चक्राचे दातेही झिजलेले असतात. लोखंड काही ताणून लांब होत नाही. पिना झिजतात, प्रत्येक पिन थोडी थोडी, आणि सगळे मिळून चेन लांब होते. आपल्याकडची तांबडी माती तेलात मिसळली की पॉलिशपेपरसारखी घासते.

म्हणून चेन साफ ठेवावी. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसावी, पण चुलीजवळ बसून हे काम करू नये. वाळल्यावर प्रत्येक रोळावर मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा, पायडल उलटे फिरवावे आणि बाहेरचे तेल पुसून टाकावे. बाहेरचे तेल काही कामाचे नाही, ते फक्त माती धरते. गोडे तेल घालू नये, ते चिकट होते. पावसात भिजलेली चेन त्याच दिवशी पुसून तेल द्यावे, नाहीतर सकाळी तांबडी दिसते.

वाटेत चेन पडलीच तर ओढाओढ करू नये. मागे लहान चक्राचा खटका लावावा. मागचा लोंबता हात पुढे ढकलला की चेन सैल होते. मग ती पुढच्या लहान चक्राच्या वरच्या चार-पाच दात्यांवर ठेवावी, मागचे चाक उचलावे आणि पायडल हळू पुढे फिरवावे. बोटे चेन आणि दाते यांच्यामध्ये कधीही घालू नयेत, बोटाचे टोक जाते. लहान मुलांनी तर पायडल दुसऱ्याला फिरवू देऊ नये. चेन सागाच्या पानाने धरली तर हात काळे होत नाहीत आणि गणवेशही वाचतो.

ताईची चेन त्या रविवारनंतर पडलेली नाही. आई आता सायकलीबद्दल काही बोलत नाही. फक्त संध्याकाळी दारात येऊन रस्त्याकडे बघते, ते ती आधीही बघायची.

ज्यांना हे स्क्रू प्रत्यक्ष बघायचे असतील त्यांनी रविवारी सकाळी आमच्या घरी यावे. शाळेच्या दिवशी सायकल घरी नसते. चेन मोजायची असेल तर फूटपट्टी स्वतःची आणावी, माझी आता तेलकट झाली आहे आणि तिच्यावरचे आकडे दिसत नाहीत.