दानातील 'पात्र' कोणास म्हणावे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात, श्लोक २० ते २२ मध्ये, भगवान श्रीकृष्णांनी दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्यबुद्धीने, देश, काल व पात्र पाहून दिलेले दान ते सात्त्विक होय. या स्थळाचे निरूपण करताना बहुधा दात्याच्या वृत्तीचाच विचार केला जातो. परंतु 'पात्र' हा शब्द घेणाऱ्याविषयी आहे. तो आम्हा उपदेश करणाऱ्यांनी प्रथम स्वतःस लावून पाहिला पाहिजे.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकांना भिक्षेचा व अटनाचा आचार घालून दिला. भिक्षुकाने घरोघरी थोडे थोडे घ्यावे, मिळेल त्या अन्नात आवडनिवड करू नये, संग्रह करू नये. या आचारात घेणाऱ्याची गरज व त्याचे घेणे ही दोन्ही सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. झोळीत लपविण्यासारखे काही नसते.

शंका : आज आश्रम, मंदिरे, ग्रंथप्रकाशन यांस द्रव्य लागते. मग द्रव्य घेणे हा दोषच मानावयाचा काय?

समाधान : घेणे हा दोष नव्हे. ज्या निमित्ताने घेतले त्याहून अन्यत्र खर्चणे आणि ते झाकून ठेवणे, हा दोष होय. समजा, मोलमजुरी करणाऱ्या एखाद्या वासनिक बाईने उपहारासाठी शंभर रुपये दिले आणि ते वाहनाच्या खर्चात गेले. उपहार झाला नाही, हे तिला कधीच कळणार नाही. कळले तरी ती विचारणार नाही. कारण विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे आपणच तिला शिकविले आहे. येथे द्रव्याबरोबर तिच्या श्रद्धेचाही अपहार झाला.

शंका : परंतु साधुपुरुषांकडे हिशेब मागणे उचित आहे काय?

समाधान : मागण्याची वेळच येऊ नये. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने (आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो) सार्वजनिक न्यासांस नोंदणी करणे व हिशेब ठेवणे बंधनकारक केले आहे. राजशासन जे भयाने करवून घेते, ते धर्मशील पुरुषाने आपण होऊन करावे. ज्याचे आचरण शुद्ध आहे त्यास वही उघडण्यात कमीपणा तो कोणता? गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना दंभापासून सुरू होते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

तात्पर्य, अधिकारी पुरुषाने तीन गोष्टी पाळाव्यात. दान कशासाठी हवे ते स्पष्ट सांगावे. त्याच कार्यास ते लावावे. आणि ते कार्य न घडल्यास दात्यास तसे कळवून त्याची अनुज्ञा घ्यावी, अथवा द्रव्य परत करावे. देणगीच्या आकड्यावरून सभेत कोणाचे आसन पुढे-मागे करू नये. वासनिकांनीही श्रद्धा ठेवूनच, नम्रपणे विचारावे. असे विचारणे ही निंदा नव्हे; ती मार्गाची सेवाच होय.

दंडवत प्रणाम.